रँडम ऑर्बिट सँडर घेताना वॅटपेक्षा काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरच्या सदनिकेतील बंद करून घेतलेल्या बाल्कनीत आपण हौसेने सुतारकाम करता. पाडलेल्या जुन्या घरातून निघालेल्या सागवानी फळ्यांचे जेवणाचे टेबल आणि त्यानंतर व्हिनिअर (लाकडाचा पातळ सजावटी थर) लावलेल्या प्लायवूडचे पुस्तकांचे कपाट करण्याचा आपला बेत आहे, आणि त्यासाठी आठ हजार रुपयांच्या आसपास रँडम ऑर्बिट सँडर, म्हणजे गोल पॅडवर घासण्याचा कागद लावून लाकूड गुळगुळीत करणारे विजेचे यंत्र, घ्यायचे आहे. पॅड १२५ मिलिमीटरचे घ्यावे की १५० चे, वॅट किती असावेत, घरातला व्हॅक्यूम क्लीनर धुळीसाठी चालेल का, आणि अमेरिकेतील भाऊ दिवाळीला येताना तिकडचे यंत्र आणणार असेल तर ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. १२५ मिलिमीटर पॅडचा, अडीच ते तीन मिलिमीटर ऑर्बिटचा (पॅड ज्या लहान वर्तुळात घुमते त्याचा व्यास म्हणजे ऑर्बिट), वेग कमी-जास्त करता येणारा आणि भारतातच विकलेला वायरचा सँडर घ्यावा. मात्र आठ हजार हा आकडा यंत्रापुरता समजावा. जवळजवळ तेवढीच रक्कम धूळ ओढण्याची सोय, चांगल्या डिस्क, म्हणजे पॅडवर लावायचे घासण्याचे गोल कागद, आणि एक जास्तीचे पॅड यांसाठी लागेल असे धरून चालावे. ठाण्यात फर्निचरचे काम करताना मी पाहत आलो आहे की, साध्या यंत्राला चांगली डिस्क आणि चांगली ओढ मिळाली तर पॉलिशवाला तक्रार करत नाही. पण महागड्या यंत्राला फुटपाथवरची डिस्क लावली, की पॉलिशचा पहिला हात मारताच पृष्ठभागावर गोल गोल ओरखडे उठून दिसतात.

या यंत्राची रचना समजली की निवडीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. मोटरचा दांडा आणि पॅडचा मध्य एका रेषेत नसतात. पॅड जरा बाजूला सरकवून बसवलेले असते आणि ते एका मोकळ्या बेअरिंगवर फिरते. त्यामुळे दोन हालचाली एकत्र होतात. पॅड मोटरच्या वेगाने लहानशा वर्तुळात घुमते, आणि त्याच वेळी लाकडाशी होणाऱ्या घर्षणाच्या प्रमाणात स्वतःभोवती सावकाश फिरते. ही दुसरी फेरी मोटरला घट्ट जोडलेली नसल्यामुळे कागदाचा एखादा कण त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही, ओरखडे सर्व दिशांना विखुरतात आणि लाकडाच्या रेषांना आडवे गेले तरी ते फारसे दिसत नाहीत. यंत्रावर अंगचा भार टाकला की ही सावकाश फेरी थांबते आणि रँडम ऑर्बिट सँडरचा साधा ऑर्बिटल सँडर होऊन बसतो. पॅडच्या कडेवर मार्करने एक ठळक रेघ ओढून ठेवावी. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी थरथरत असेल तर हात हलका करावा. यंत्राचे वजन आणि हाताचे वजन, एवढा दाब पुरतो.

आता आकड्यांकडे वळू. यंत्र किती वेगाने लाकूड काढते हे मुख्यतः लहान वर्तुळाचा व्यास आणि मिनिटाला होणारे फेरे यांवर ठरते. व्यास अडीच मिलिमीटर आणि फेरे १२,००० असतील तर कागदाचा प्रत्येक कण मिनिटाला सुमारे ९४ मीटर चालतो. व्यास पाच मिलिमीटर असेल तर फेरे १०,००० असूनही तोच कण सुमारे १५७ मीटर चालतो. म्हणून जुना लेप उतरवणे, फळ्यांच्या सांध्यातील उंचसखलपणा काढणे अशा कामांना पाच मिलिमीटरचे यंत्र भराभर उरकते. पण त्याचा ओरखडाही तेवढाच मोठा असतो आणि तो नंतर बारीक कागदाने काढत बसावे लागते. दोन यंत्रे ठेवण्याची ऐपत आणि जागा असलेल्या कारखान्यात एक पाचचे आणि एक अडीच-तीनचे ठेवतात. आपल्याला एकच घ्यायचे आहे, म्हणून बारीक कामाला चालणारे घ्यावे. जाड काम त्याच यंत्राने ८० नंबरचा, म्हणजे भरड कागद लावून (नंबर वाढतो तसा कागद बारीक होतो), जरा जास्त वेळ देऊन होते. उलटे मात्र जमत नाही.

माहितीपत्रकातील दोन गोष्टी गोंधळात टाकतात. काही उत्पादक वर्तुळाचा व्यास देतात, तर काही पॅड मध्यापासून किती सरकवले आहे ते देतात. सव्वा मिलिमीटर आणि अडीच मिलिमीटर हे दोन्ही आकडे त्यामुळे एकाच यंत्राचे असू शकतात. दुसरी गोष्ट फेऱ्यांची. बॉशच्या जीईएक्स १२५-१ एई या यंत्राचा वेग ७,५०० ते १२,००० फेरे असा दिलेला असतो आणि त्याखाली कंपनांचा आकडा १५,००० ते २४,००० असतो, कारण तेथे एका फेऱ्यातील जाणे आणि येणे वेगवेगळे मोजलेले असते. मकिताच्या बीओ५०३० वर १२,००० हा आकडा असतो. एकाचे २४,००० आणि दुसऱ्याचे १२,००० अशी तुलना करून पहिले यंत्र दुप्पट वेगवान ठरवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात मोटरचे फेरे दोघांचेही १२,०००च आहेत. वॅटविषयी इतकेच सांगेन की तो मोटरने ओढलेल्या विजेचा आकडा आहे, लाकडावर झालेल्या कामाचा नव्हे. बॉशचे वरील यंत्र २५० वॅटचे आहे, मकिताचे ३००. १२५ मिलिमीटरच्या पॅडला याहून जास्त काही लागत नाही. ४०० वॅटच्या पुढची यंत्रे साधारणपणे १५० मिलिमीटर पॅड आणि मोठ्या ऑर्बिटसाठी असतात.

पॅडच्या आकाराचा हिशेब आपल्या टेबलावरच मांडू. १५० मिलिमीटरच्या पॅडचे क्षेत्रफळ १२५ च्या पॅडपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त भरते, आणि ऐकताना हा फरक मोठा वाटतो. परंतु सँडर हळू, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर या चालीने सरकवायचा असतो आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा असतो. दीड मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद टेबलावर या चालीने एकदा फिरायला १२५ च्या यंत्राला सुमारे साडेचौदा मिनिटे लागतात, तर १५० च्या यंत्राला बारा. चार नंबरांचे कागद आणि प्रत्येकाचे तीन हात धरले तरी संपूर्ण टेबलामागे वाचणारा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास आहे. त्या अर्ध्या तासासाठी दोन हातांनी धरावे लागणारे जड यंत्र, महाग डिस्क आणि कपाटाच्या अरुंद कडांवर डगमगणारे पॅड पत्करण्यात हशील नाही. शिवाय १२५ ची डिस्क वाशी-तुर्भ्यापासून वागळे इस्टेटपर्यंत बऱ्याच हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. १५० ची हवी असेल, तर अनेकदा मोटारींच्या रंगकामाचे सामान विकणारे दुकान शोधावे लागते किंवा सरळ मुंबईला नागदेवी स्ट्रीट गाठावी लागते.

वेग कमी-जास्त करण्याची चकती मात्र हवीच, आणि ती केवळ व्हिनिअरसाठी नव्हे. जुना साग तेलकट असतो. पूर्ण वेगात कागद तापला की भुकटी कणांमध्ये चिकटून तिच्या गाठी होतात, आणि त्या गाठीच डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे ओरखडे उठवतात. पॉलिशच्या दोन हातांमध्ये ३२० नंबरचा कागद फिरवतानाही वेग उतरवावा लागतो, नाहीतर लेप तापून मऊ पडतो. बीओ५०३० मध्ये वेग ठरलेला आहे. त्याच घराण्यातील बीओ५०३१ मध्ये तो ४,००० ते १२,००० पर्यंत बदलता येतो. दोघांच्या किमतीत फरक आहे, तरी मी दुसरे घेईन.

याच्या जोडीला पॅडचा ब्रेक तपासावा, कारण दुकानात त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. यंत्र हवेत उचलले की घर्षण नाहीसे होते आणि मोकळ्या बेअरिंगवरचे पॅड मोटरच्या वेगापर्यंत चढू लागते. अशा वेगात ते फळीवर टेकवले की पहिल्या क्षणीच खोल वर्तुळ उमटते. हे टाळण्यासाठी पॅडच्या वरच्या बाजूला रबराचे कडे घासत ठेवलेले असते. दुकानात यंत्र हवेत चालू करून पाहावे: पॅड मर्यादित वेगाने फिरत राहिले तर ब्रेक ठीक आहे, आणि सुसाट सुटले तर दुसरा नग मागावा. हे कडे झिजणारे आहे, म्हणून ते सुटे मिळते की नाही हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

आता कागद, म्हणजे आमच्या भाषेत पॉलिश पेपर. डिस्कच्या पाठीवर नंबराआधी ‘पी’ असेल तर तो युरोपीय मोजमापाचा नंबर असतो. अमेरिकन मोजमापाचे नंबर त्याच्याशी नेमके जुळतीलच असे नाही. त्यामुळे एकाच कामात दोन्ही प्रकार मिसळू नयेत. आपल्या फळ्यांना रंधा मारून सपाट केल्यावर पी ८०, १२०, १८० आणि २२० असा क्रम पुरेसा आहे. मधला नंबर गाळला तर पुढचा कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढत नाही, फक्त त्यांना चकाकी आणतो, आणि पॉलिश चढताच ते वर येतात. प्रत्येक नंबरापूर्वी संपूर्ण फळीवर पेन्सिलीच्या फिक्या आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत फिरावे. नंबर बदलताना फळी ब्रशने किंवा क्लीनरने साफ करावी, कारण ८० नंबरचा सुटलेला एक कण १८० च्या डिस्कखाली अडकला की त्याची सही टेबलभर उमटते. शेवटी २२० चाच कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेने हाताने दोन-चार वेळा ओढावा. लाकडाला स्टेन देऊन रंग बदलायचा असेल तर १८० वरच थांबावे, कारण फार गुळगुळीत केलेले लाकूड रंग कमी धरते. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकांना मात्र एक नंबर पुढचा कागद मारावा. ती टोके पॉलिश जास्त पितात आणि नाहीतर काळपट दिसतात.

डिस्कची भोके हा आपल्याकडे खराच त्रासाचा विषय आहे. १२५ मिलिमीटरच्या यंत्राला साधारणतः आठ भोकांची डिस्क लागते. दुकानदार बिनभोकाची डिस्क देतो आणि “चालते, सगळे हीच नेतात” असे सांगतो. ती लागते, पण धूळ ओढण्याची वाटच बंद होते, भुकटी डिस्कखाली साठते आणि कागद निम्म्या वेळात निकामी होतो. जाळीच्या डिस्क हा यावर चांगला उपाय आहे. मिर्का कंपनीचे अब्रानेट हे त्यांतले नाव बहुतेकांना माहीत असते. जाळीतून धूळ सगळीकडून ओढली जात असल्याने भोके जुळवण्याचा प्रश्न राहत नाही. मात्र जाळीखाली पातळ संरक्षक पॅड लावावे, नाहीतर यंत्राच्या पॅडवरचे वेलक्रोचे आकडे लवकर झिजतात. पावसाळ्यात कागदी पाठीच्या डिस्क ओल धरून वाटीसारख्या वळतात. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वर वजन ठेवून साठवाव्यात.

आपल्या फळ्या जुन्या घरातल्या आहेत, म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे भाग आहे. पहिली खिळ्यांची. मोडून आत राहिलेला खिळा डिस्क फाडतो आणि पॅडलाही इजा करतो, म्हणून फळीवरून आधी चांगले लोहचुंबक फिरवावे. दुसरी जुन्या ऑइल पेंटची. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग सँडरने उडवणे म्हणजे शिशाची भुकटी घरभर पसरवणे होय, आणि घरात लहान मूल असेल तर ते अक्षम्य आहे. रंग आधी पेंट रिमूव्हरने मऊ करून पत्र्याने खरवडून काढावा, किंवा फळ्या सॉ मिलवर नेऊन तेथे वरचा थर उतरवून घ्यावा. आपल्यासारख्या सदनिकेत राहणाऱ्याने सॉ मिलचाच मार्ग धरावा.

व्हिनिअरच्या कपाटाविषयी थोडक्यात सांगतो. बाजारातील सजावटी व्हिनिअरचा लाकडी थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो. त्याला ८० किंवा १२० चा कागद दाखवूही नये. कमी वेगात १८० ने सुरुवात करावी, एक-दोन हात मारावेत आणि कडेपासून दोन बोटे आत थांबावे. कडा हातानेच घासाव्यात. खालचे प्लाय एकदा दिसले, की त्याला इलाज नाही.

धुळीचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण बाल्कनीत काम करणाऱ्याच्या दृष्टीने तो यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे. नाकाच्या आणि नाकाजवळील पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. डोळ्यांना दिसणारा भुसा खाली बसतो. धोका हवेत तासन्तास तरंगणाऱ्या बारीक भुकटीचा असतो. यंत्रासोबत येणारी कापडी पिशवी जाड भुकटी धरते आणि बारीक तशीच बाहेर सोडते. म्हणून क्लीनर जोडला तरी एन ९५ मास्क लावावाच; मिस्त्री लोक तोंडाला रुमाल बांधतात, त्याचा उपयोग फक्त शिंका कमी होण्यापुरता आहे.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर चालेल का, याचे उत्तर ‘काही वेळ’ असे आहे. त्याची पिशवी किंवा गाळणी या भुकटीने काही मिनिटांत बुजते, ओढ कमी होते आणि मोटर तापते. त्यापेक्षा ओले-कोरडे दोन्ही ओढणारा, हेपा गाळणीचा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) क्लीनर घ्यावा आणि जमल्यास मध्ये सायक्लोन झाकणाची, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या झाकणाची बादली बसवावी, म्हणजे बहुतेक धूळ बादलीतच पडते आणि गाळणी टिकते. सँडरचे तोंड आणि क्लीनरची नळी यांचे माप क्वचितच जुळते. रबरी जोडतुकडा यंत्र घेतानाच दुकानात लावून पाहावा. ओढ फार जोरदार असेल तर पॅड फळीला चिकटून बसते, यंत्र हाताला धक्के देते आणि ओरखडे वाढतात. अशा वेळी नळीवरची हवेची खिडकी थोडी उघडावी. पॉलिश घासलेली किंवा तेल लावलेल्या लाकडाची भुकटी पिशवीत साठवून ठेवू नये. तिच्यात आपोआप उष्णता वाढून आग लागू शकते. काम संपले की ती घराबाहेर रिकामी करावी.

बंद बाल्कनी हा येथे दुधारी मामला आहे. काचा उघडल्या तर खाडीकडून येणारा संध्याकाळचा वारा भुकटी उचलून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर नेतो, आणि मग सोसायटीच्या पुढच्या सभेत आपला सँडर हा स्वतंत्र विषय होतो. काचा लावाव्यात, क्लीनर चालू ठेवावा आणि स्वयंपाकघराकडचे दार बंद ठेवावे. यंत्राचा आवाज हवेतून जेवढा जातो, त्याहून जास्त कामाच्या टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरतो. पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवले तर खालच्यांची झोप मोडत नाही. तरीही दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळणेच बरे.

अमेरिकेतील यंत्राविषयी उत्तर सरळ आहे: आणवू नये. तेथील वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची. तिकडचे यंत्र इकडच्या सॉकेटमध्ये लावले तर पहिल्याच क्षणी जळण्याची शक्यता आहे. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेता येतो. ३०० वॅटच्या सँडरला ५०० वॅटचा पुरेल, पण त्याचे वजन आणि किंमत मिळून स्वस्ताईचा आनंद विरतो, शिवाय वॉरंटी इकडे मिळणे कठीण. भावाने काही आणायचेच असेल तर चांगल्या जाळीच्या डिस्क आणवाव्यात. त्यांना व्होल्टेज नसते. यंत्र युरोपातून किंवा आखातातून येत असते तर व्होल्टेजची अडचण आली नसती, फक्त प्लग बदलावा लागला असता.

बॅटरीवरचे सँडर शिडीवर चढून एखादी चौकट घासायला छान असतात. टेबलाच्या कामात बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात उतरते. हवेच्या दाबावर चालणारे हलके आणि दणकट असतात, पण त्यांना सतत हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सदनिकेत ठेवण्याचा विचार करू नये. फेस्टूल किंवा मिर्का कंपनीची ब्रशलेस (मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसलेली) यंत्रे खरोखर उत्तम आहेत आणि दिवसभर हातात यंत्र धरणाऱ्याला त्यांचे कमी कंपन मोलाचे ठरते. युरोपीय नियमांत हातांच्या कंपनाची आठ तासांची मर्यादा पाच मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवलेली आहे आणि अडीचपासूनच खबरदारी सुरू होते, यावरून या गोष्टीचे गांभीर्य कळेल. आपण शनिवार-रविवारी तास-दोन तास काम करणार आहात. तेवढ्यासाठी तो खर्च करावा असे मला वाटत नाही.

दुकानात गेल्यावर यंत्र हातात घेऊन एका तळव्यात पकड बसते का ते पाहावे, स्विचवर धुळीपासून संरक्षणाची रबरी टोपी आहे का ते पाहावे, आणि पॅड, ब्रेकचे कडे व कार्बन ब्रश हे तिन्ही सुटे भाग मिळतात की नाही हे पॅडची किंमत विचारूनच ठरवावे. किंमत चटकन सांगितली तर तो भाग खपतो आणि मिळतो असे समजावे. “मागवावे लागेल” असे उत्तर आले तर त्या मॉडेलचे एक जास्तीचे पॅड यंत्रासोबतच मागवून घ्यावे. यंत्र डिस्क न लावता कधीही लाकडावर टेकवू नये आणि कडेवर तिरके धरून दाबू नये. वेलक्रोचे आकडे उष्णतेने वितळतात, डिस्क चालू कामात उडू लागते, आणि लोक मोटर बिघडली असे समजून यंत्र दुरुस्तीला नेतात, तेव्हा बदलायचे असते फक्त ते पॅड.